भिंतीकडची फट

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही पोटावर पालथे पडला आहात. खाली गार, ओलसर माती. वर, पाठीपासून हातभर अंतरावर, फळ्यांचं छप्पर. दोन फळ्यांमधल्या फटींतून उन्हाच्या बारीक पट्ट्या खाली उतरतात आणि तुमच्या हातांवर पडतात. वरून कुणी चालत गेलं की एकेक पट्टी विझते आणि पुन्हा पेटते. कुजलेल्या पानांचा वास येतोय. तुम्हाला भीती वाटत नाही. उलट मजाच वाटते, कारण तुम्ही इथे आहात हे वरच्या माणसाच्या ध्यानातही नाही.

आणि मग त्या वासात दुसराच एक वास मिसळतो.

आता डोळे उघडा. अशा जागी एकदा एक मुलगी होती. तिची गोष्ट सांगतो.

तिचं नाव चैताली. आम्ही तिला चैती म्हणायचो. माझ्या भाच्याची, रणजितची, ती मुलगी. चौथीत होती. रणजित कोल्हापूरला एका फौंड्रीत शिफ्टचा साहेब होता आणि आंबोलीला त्यानं एक छोटं घर बांधलं होतं. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या घरात राहायला गेलो. घर सांभाळायचं, झाडं बघायची, आणि सुट्टीत चैती आली की तिला रानातली फुलं-पाखरं दाखवायची, एवढंच माझं काम.

घराच्या मागे उतार होता. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलं की त्या उतारावर खांबांवर उभारलेला फळ्यांचा डेक लागायचा. भिंतीपाशी तो जमिनीपासून हातभर उंच, आणि पुढच्या कडेला, दरीच्या बाजूला, माणूस वाकून खाली शिरेल एवढा उंच. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून बनवलेल्या फळ्या होत्या त्या. दिसायला सागवानासारख्या. वाळवी लागत नाही, कुजत नाहीत, म्हणून रणजितनं मुद्दाम आणल्या होत्या. पण आंबोलीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तिथं दगडालाही शेवाळ चढतं. दर वर्षी पावसाळा संपला की मी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन बसायचो, फळीच्या रेघांच्या दिशेनं हळूहळू घासायचो आणि खराट्याच्या काडीनं फटींतली पानं काढायचो. मला चार दिवस लागायचे. माझी काही घाई नसायची.

त्या वर्षी मात्र घाई होती. दुसऱ्या दिवशी रणजितच्या कंपनीची मोठी माणसं जेवायला येणार होती आणि चैतीची आई त्यांच्याबरोबरच येणार होती. त्यातून सकाळी चहाचा कप घेऊन रणजित डेकवर आला आणि पहिल्याच पावलाला घसरला. दाणकन बसला. चहा सगळा शर्टवर.

चैती हसली. तिला हसू आवरेना.

"हस, हस," रणजित उठत म्हणाला. "उद्या साहेब असाच पडला म्हणजे कळेल. मामा, हे काय डेक आहे का तळं?"

"अर्धा झालाय की," मी म्हटलं. "उरलेला संध्याकाळपर्यंत करू. चैती आहे मदतीला."

"तुमच्या स्पीडनं गेलो तर दिवाळी इथंच होईल. तुम्ही हे अंगाला उटणं लावल्यासारखं घासत बसलाय."

"फळीवरचा थर खरवडून चालत नाही रे. फळ्यांच्या कंपनीनंच सांगितलंय, साबण आणि मऊ ब्रश."

"कंपनी काय, ती आंबोलीत राहते व्हय?"

हे असं आमचं नेहमीचंच. रणजित वाईट माणूस नव्हता. फौंड्रीत भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची त्याला सवय होती, तीच घरी यायची. चैतीवर त्याचा जीव होता, पण त्याचा एक नियम होता. बाबांनी हाक मारली की पहिल्या हाकेला यायचं. हातातलं टाकून यायचं. दुसरी हाक मारायला लागली की त्याचा चेहरा बदलायचा. "भट्टीपाशी दुसरी हाक मारायला वेळ नसतो," असं तो म्हणायचा, आणि त्यात तथ्यही होतं. चैतीला ती सवय इतकी लागली होती की तोंडात घास असला तरी ती उठून धावायची.

आम्ही कामाला लागलो. मी आणि चैती भिंतीच्या बाजूला. ती काडीनं फटी साफ करत होती आणि प्रश्न विचारत होती.

"मामाआजोबा, ही भिंतीजवळची फट एवढी मोठी का ठेवली? माझं बोट जातंय हिच्यात."

"उन्हात या फळ्या फुगतात. फुगायला जागा ठेवायची. नाही ठेवली तर?"

तिनं विचार केला. "एकमेकींना ढकलतील आणि वर उचलतील."

"बरोबर."

"आणि पाणी का थांबलंय इथं? फट तर मी साफ केली."

मी बघितलं. खरंच, एका जागी पाणी उतरतच नव्हतं. "खाली पानं साचली असतील. खालून हवा खेळली पाहिजे, पाणी वाहिलं पाहिजे. नाहीतर वरून कितीही घासा, शेवाळ परत येणारच."

"मी खाली जाऊन काढतो." कोल्हापूरच्या पुष्कळ मुली अशाच बोलतात, मी जातो, मी करतो. चैतीही तशीच बोलायची.

"मी पाणी घेऊन येतो, मग दोघं मिळून बघू. आधी काठी आपटायला लागते खाली, काही असलं तर निघून जातं."

मी आमच्या दोन्ही बादल्या घेऊन घराच्या पुढच्या बाजूला टाकीकडे गेलो. रणजित तेव्हा डेकच्या पुढच्या कडेला होता. तिथं जांभळाची सावली पडायची म्हणून शेवाळ सगळ्यात दाट. त्यानं टाकीत टाकायची ब्लिचिंग पावडर आणली होती. गावात ती घरोघर असते, पावसाळ्यात विहिरीत टाकायला. बादलीत तिची पांढरी लापशी कालवून त्यानं ती सगळ्या कडेवर ओतून ठेवली होती. मला ते दिसलं होतं. "रंग जाईल फळ्यांचा," एवढं मी म्हटलंही होतं. "जाऊ दे," तो म्हणाला होता. मला वाटलं, बरं, नुकसान होईल ते फळीचं.

टाकीपाशी पहिली बादली भरली. दुसरी अर्धी झाली. तेवढ्यात वारा जरा घुटमळला आणि एक वास आला.

तो वास मी ओळखत होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत, सगळ्या खिडक्या उघडून, मुलांना दाराशी उभं करून, परीक्षानळीत चिमूटभर करून दाखवायचो मी तो वायू. नाकात सुई टोचल्यासारखा वास. ब्लिचिंग पावडरवर अ‍ॅसिड पडलं की तो सुटतो. त्याचं नाव क्लोरीन. तो छातीत गेला की श्वासाची वाटच जाळतो.

मी नळ तसाच सोडून धावलो. माझ्या वयाला धावणं शोभत नव्हतं, पण धावलो.

रणजित कडेला उभा होता. त्याच्या हातात बाथरूमच्या फरशीची अ‍ॅसिडची बाटली. लोखंडी झोपाळ्याच्या पायांचे तांबडे डाग फळ्यांवर पडले होते, त्यांवर तो ती ओतत होता. पांढऱ्या लापशीतून फेस उठत होता. तो खोकत होता आणि तरी ओततच होता.

"टाक ती बाटली!" मी ओरडलो. "मागं हो! भिंतीकडे ये!"

"काय झालं? डाग निघालाय बघा..." आणि त्याला पुढं बोलता येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाटली खाली ठेवून तो तोंडावर शर्ट धरत माझ्याकडे आला. मी त्याला धरून भिंतीला टेकवलं. वारा दरीकडे वाहत होता. आमच्या बाजूला हवा बरी होती.

"मेलो असतो की हो मामा," तो खोकत खोकत हसला. "काय आहे हे?"

मी इकडेतिकडे बघितलं. ब्रश पडला होता. खराट्याची काडी पडली होती.

"चैती कुठाय?"

"इथंच होती. फोनवर होतो मी, तेव्हा काहीतरी म्हणाली, जातो म्हणून..." तो एकदम थबकला. "खाली जातो म्हणाली. मी हं म्हटलं."

मुलांनो, क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तो धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, फटी शोधतो, सखल जागा शोधतो. तो फेस जिथं उठत होता तिथल्या सगळ्या फटींतून तो खाली उतरत होता. आणि दोन्ही बाजूंना दगडी बांध असल्यामुळे डेकच्या खालून बाहेर पडायची एकच वाट होती. त्याच कडेची, त्याच फेसाखालची.

मी गुडघ्यांवर बसलो आणि फटीला तोंड लावलं. "चैती!"

"काय?" खालून आवाज आला. अगदी नेहमीचा आवाज. जवळच, मधल्या फळ्यांखाली. "मामाआजोबा, इथं केवढी पानं आहेत! पण घाण वास यायलाय. माझे डोळे झोंबतायत."

मला काय सांगायचं आहे ते मनात जुळवतच होतो. घाबरलेल्या मुलाला एकच गोष्ट सांगायची, आणि ती अशी सांगायची की तिचा उलटा अर्थ निघणार नाही. इतकी वर्षं शिकवून मला एवढं कळत होतं. पण रणजित थांबला नाही. तो माझ्या शेजारून सुटला, डेकच्या बाजूनं उतारावरून खाली पळाला, आणि त्या उघड्या कडेसमोर उभा राहून त्यानं हाक मारली.

"चैती! बाहेर ये! पळ!"

फौंड्रीतली हाक होती ती. भट्टीपाशी मारायची.

आणि मला फटींतून तिचा गुलाबी फ्रॉक दिसला. तो हलला. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत, दुसऱ्या पट्टीतून तिसऱ्या पट्टीत, तो खाली कडेकडे सरकायला लागला. ती बाबांच्या पहिल्या हाकेला निघाली होती.

मुलांनो, आयुष्यात मी पुष्कळदा घाबरलो आहे. पण इतका एकदाच. मी दोन्ही हात फळीवर आपटले. आणि ओरडलो.

"चैती, येऊ नकोस! उलटी फिर! माझ्याकडे ये, भिंतीकडे! चढावर ये!"

"अहो मामा, काय सांगताय!" रणजित खालून ओरडला. "इकडं वाट आहे! चैती, इकडं! माझ्याकडं बघ!" तो आत शिरायला वाकला. खालून निघणारी पिवळसर हिरवी हवा त्याच्या छातीत गेली असावी, कारण तो तिथंच गुडघ्यांवर कोसळला आणि ओकल्यासारखा खोकायला लागला. तरीही एक हात पुढं करून तो तिला बोलावतच होता.

गुलाबी फ्रॉक थांबला.

आता तुम्ही विचार करा. तुम्ही अंधारात पालथे आहात. समोर उजेड आहे, वाट आहे, आणि वाटेवर तुमचा बाप हात पुढं करून बोलावतोय. त्याच्या हाकेला न जाणं तुम्हाला माहीतच नाही. मागं अंधार आहे, भिंत आहे, बाहेर पडायला जागा नाही. आणि तिकडून एक म्हातारा सांगतोय, इकडं ये. तुम्ही कुणाचं ऐकाल?

फ्रॉक आता दिसत नव्हता. कुठल्याच फटीत दिसत नव्हता. खालून खोकल्याचा आवाज आला, लहान, कोरडा. मग तोही थांबला. मी एकेका फटीला डोळा लावत होतो. काळोख आणि पानं. रणजितचं खोकणं. जांभळावर एक बुलबुल ओरडत होता, त्याला काही ठाऊक नव्हतं.

"चैती," मी म्हटलं. आता ओरडलो नाही. "चैती, मी इथं भिंतीपाशी आहे."

भिंतीजवळच्या त्या फटीतून एक बोट वर आलं.

मातीनं माखलेलं, इवलंसं. मी ते धरलं. ते गार होतं आणि त्यानं माझं बोट घट्ट दाबलं.

"शाबास. आता तोंड या फटीला लाव. उजेडाकडे तोंड कर आणि इथूनच श्वास घे. बोलू नकोस. मी बोलतो."

तिनं तोंड लावलं. तिचे ओठ मला दिसले, आणि डोळे, लाल झालेले. ती श्वास घेत होती. प्रत्येक श्वासाला खोकत होती, पण घेत होती.

रणजित धडपडत वर आला. मी त्याला तिचं बोट दाखवलं. त्याला आधी कळलंच नाही. मग तो एकदम पहार आणायला धावला.

"पहार नको!" मी म्हटलं. "फळी फुटून तिच्या तोंडावर येईल. आणि मधली निघणारच नाही, त्या एकमेकींत अडकवलेल्या आहेत. ही भिंतीजवळची एवढी एकच स्क्रूवर आहे. स्वयंपाकघरात वरच्या खणात पेचकस आहे. तोच आण."

तो पळत गेला आणि आला. स्क्रूची डोकी मातीनं बुजली होती. मी काडीनं एकेक साफ करत गेलो आणि तो फिरवत गेला. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याचे आटे गंजून गेले होते, तो नुसताच गरगर फिरायचा.

आणि तेव्हा वारा पडला.

आंबोलीत असं होतं. सकाळभर दरीकडे जाणारा वारा ऊन चढलं की थांबतो, आणि मग उलटा, दरीतून वर यायला लागतो. माझ्या गालाला तो लागला. त्याच्याबरोबर तो वास. खालून चैतीनं जोरात खोकून तोंड बाजूला घेतलं.

"मामाआजोबा," तिचा आवाज फाटला होता, "ते इकडं यायलंय."

"यायलंय, मला कळलं. तू तोंड इथंच लाव. बाबा काढतोय फळी."

"निघत नाही हो!" रणजित रडत होता. एवढा मोठा माणूस, हुंदके देत पेचकस फिरवत होता. "निघत नाही, मामा!"

"फिरवताना फळी वर उचलून धर. मी धरतो. हं, आता."

मी बोटं फटीत घालून फळी ओढून धरली. नखं निघाल्यासारखी कळ आली. स्क्रू वर आला. मग बाकीचे आले. पहिली फळी निघाली आणि ती आम्ही मागं फेकून दिली. आता तिचा चेहरा दिसत होता, पण तेवढ्या जागेतून खांदे येत नव्हते. पहिली निघाली की दुसरी मात्र नुसत्या खाचेत असते. रणजितनं ती एका हिसक्यात ओढून काढली. मी चैतीच्या काखेत हात घातले आणि तिला बाहेर उचललं. तिच्या केसांत पानं होती. ओठ निळसर झाले होते.

मी तिला घराच्या पुढच्या बाजूला, त्या वासापासून लांब, मोकळ्या हवेत नेऊन बसवलं. सैल कपडे, ताठ पाठ, हळू श्वास. ती खोकली, ओकली, पुन्हा खोकली. मग तिच्या ओठांचा रंग हळूहळू परत यायला लागला. मी शेजारच्या शिवरामना हाक मारली, गाडी काढा म्हणून सांगितलं. आजऱ्याच्या दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. क्लोरीन छातीत गेला की नंतर तासाभरानंही त्रास होतो.

रणजित आमच्या समोर थोड्या अंतरावर उभा होता. तो जवळ येत नव्हता.

"ती निघाली होती," तो म्हणाला. माझ्याशी की स्वतःशी, ते कळत नव्हतं. "मी हाक मारली आणि ती निघाली होती."

चैतीनं वर बघितलं. ती घाबरली होती. ती मघाच्यापेक्षा जास्त घाबरली होती, आणि मला क्षणभर कळेना, आता कशाला.

"बाबा, मी येणारच होतो," ती म्हणाली. एकेक शब्द खोकत. "पण ते पिवळं खाली चाललं होतं. तुझ्याकडं. मला दिसलं. म्हणून मी... मी आलो नाही. रागावू नकोस."

रणजित तिथंच खाली बसला. नियम त्याचा होता. तिनं तो पाळला असता तर काय झालं असतं, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. फक्त तिला वाटत होतं की आपण चुकलो.

"तू बरोबर केलंस," मी तिला म्हणायला गेलो. पण ते माझ्याकडून ऐकून तिला काही उपयोग नव्हता.

रणजितनं हात पुढं केले. तिला जवळ घ्यायला केले, आणि अर्ध्यात थांबवले. मला तेव्हाच दिसलं. त्याच्या दोन्ही पंज्यांवरची कातडी लालभडक झाली होती, बोटांच्या पेरांवर फोड आले होते. बाटलीतलं अ‍ॅसिड त्याच्या हातांवर सांडलं होतं. पेचकस फिरवताना त्याला ते जाणवलंही नव्हतं. आता तो ते हात तिच्या अंगाला लागू नयेत म्हणून हवेत धरून बसला होता, आणि बापाला लेकीला हातही लावता येत नव्हता.

चैतीनं ते हात बघितले. मग माझ्याकडे बघितलं.



ती उठली. मला बाजूला सारून उठली. मी सोडून आलेला टाकीचा नळ वाहतच होता. तिनं बागेचा पाइप ओढत नेला, नळाला लावला, आणि पाण्याची धार धरून बापापुढं उकिडवी बसली.

"बाबा, हात पुढं कर. दोन्ही."

रणजितनं पुढं केले. पाणी त्याच्या बोटांवरून, मनगटांवरून लाल मातीत वाहायला लागलं. ती मध्येच खोकायची, धार हलायची, ती पुन्हा सरळ करायची.

"झालं," तो म्हणाला. "बास, चैती."

"नाही झालं," ती म्हणाली. "अजून धर."